बारा ते साडेतीन

बैसाणे सर भेटले की 'कशा आहात?' असं कधी विचारत नसत. 'तिकडं ऊन कसं होतं?' असं विचारत. मी दर सोमवारी सकाळी जळगावहून, मेहरूणच्या आमच्या घरून, एस.टी.नं धुळ्याला यायची. देवपुरातल्या आमच्या कॉलेजच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटमध्ये पाऊल ठेवते न ठेवते तोच हा प्रश्न. सुरुवातीला वाटलं, माणूस तऱ्हेवाईक आहे. मग वाटलं, माझी चेष्टा चालली आहे. ऊन धुळ्याचं जास्त की जळगावचं, यावरून खानदेशात माणसं खरोखर हमरीतुमरीवर येतात, आणि मीही मागे हटणाऱ्यांतली नव्हते. "काल चव्वेचाळीस होतं आमच्याकडं," मी ठसक्यात सांगायची.

"ते तापमान झालं मॅडम. मी ऊन विचारतोय. ढग होते का? किती वाजल्यापासून लख्ख होतं?"

आणि खिशातून एक लहान वही काढून धुळ्याच्या रकान्याशेजारी जळगावचा रकाना भरायचे. त्या वहीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात 'ऊन' एवढंच लिहिलेलं होतं. मी तिला ऊनवही म्हणायला लागले. पुढं सगळं डिपार्टमेंटच म्हणायला लागलं, आणि सरांनीही ते नाव निमूटपणे स्वीकारलं.

मी १९८६ साली तिथं लेक्चरर म्हणून लागले तेव्हा सर पंचेचाळिशीच्या आसपास असतील. उंच, काटकुळे, बुशशर्ट नेहमी एक माप मोठा. दोन्ही हातांच्या बोटांवर आणि मनगटांवर कोडाचे पांढरे डाग होते. नवीन आलेल्या मुलांना तो खडू वाटे. एकदा एका मुलीनं मोठ्या अदबीनं त्यांना हात पुसायला डस्टर दिलं. सरांनी ते घेतलं, हात पुसल्यासारखं केलं, "थँक्यू" म्हणाले आणि पुढं शिकवायला लागले. वर्ग संपेपर्यंत त्या मुलीच्या लक्षात आलं असावं, कारण ती रडत बाहेर पडली. सरांनी तिला परत बोलावून फळ्यावर षट्कोन काढायला लावला. तो वाकडा आला. "पुन्हा करून दाखवा," सर म्हणाले. पाचव्या वेळी नीट आला आणि ती हसली.

'पुन्हा करून दाखवा' हे सरांचं पालुपद होतं. विद्यार्थ्याचा प्रयोग बरोबर आला तरी तेच, चुकला तरी तेच. "एकदा जमलं तर नशीब. दोनदा जमलं तर रसायनशास्त्र," असं ते दर वर्षी पहिल्या तासाला सांगत. मुलं पाठीमागं त्यांची नक्कल करत. कँटीनमध्ये चहा चांगला झाला तर पोरं कँटीनवाल्या नानांना ओरडायची, "नाना, पुन्हा करून दाखवा!" मीही त्यात कधीकधी सामील असे, हे कबूल केलेलं बरं.

सरांचा पीएच.डी.चा विषय होता उन्हाच्या मदतीनं रेणूंची कडी बनवणं. आता हे वाचून कुणी दचकू नये. सर हा विषय बी.एस्सी.च्या शेवटच्या बाकावरच्या मुलालाही समजावून सांगत. दोन रेणू जवळजवळ उभे आहेत. दोघांजवळ एक-एक दुहेरी बंध आहे, म्हणजे एक हात जास्तीचा धरून ठेवलेला आहे. प्रकाश मिळाला तर दोघंही तो हात सोडवतात आणि एकमेकांना देतात. चार कोपऱ्यांचं एक कडं तयार होतं. पण सरांनी घेतलेल्या पदार्थाचं नुसत्या उन्हानं भागत नसे. त्यात चिमूटभर बेंझोफिनोन टाकावं लागे. "हा आपला मध्यस्थ," सर सांगत. "ऊन हा घेतो आणि त्या दोघांच्या हवाली करतो. लग्न लागलं की जेवायलासुद्धा न थांबता पुढच्या गावाला जातो. स्वतः आहे तसाच. म्हणून चिमूटभर पुरतो."

मुलं हसत. परीक्षेत कुणीतरी हेच उत्तर लग्नासकट लिही, आणि सर त्याला पूर्ण गुण देत.

हाच विषय का घेतला, असं मी एकदा विचारलं. सरांनी डावा हात पुढं केला. मनगटावर डागाच्या मधोमध भाजल्याची जुनी खूण होती. लहानपणी शिंदखेड्याकडच्या त्यांच्या गावी एका वैद्यानं डागावर बावचीच्या बिया वाटून लावल्या आणि उन्हात बसवलं. डाग गेला नाही, फोड आले. "एम.एस्सी.ला आल्यावर वाचलं की बावचीतला पदार्थ प्रकाशात अशीच कडी जोडतो. म्हटलं, अरे, हा प्रयोग तर माझ्यावर होऊन गेलाय." त्यांनी घेतलेला पदार्थ बावचीच्याच कुळातला, कूमारिनचा भाऊबंद होता. त्याला वाळलेल्या गवतासारखा गोड वास येई. कडं जुळलं की वास जाई. दिवसभर सर हातात कुपी घेऊन हुंगत बसत, त्यामुळं शिपाई मंडळींत त्यांना भलतंच व्यसन असल्याची बोलवा होती.

मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत यासाठी खास दिवे असत. आमच्याकडं गच्ची होती. सकाळी आठला काचेचे फ्लास्क गच्चीवर ओळीनं मांडायचे, सूर्य मावळताना उतरवायचे, असे पंधरा दिवस. मात्र आतली हवा आधी घालवावी लागे, कारण हवेतला ऑक्सिजन मध्यस्थाजवळचं ऊन परस्पर खाऊन टाकतो. हवा घालवायला नायट्रोजन लागतो, आणि त्याचं सिलिंडर काही आमच्या कॉलेजात नव्हतं. सरांनी तो कुठून आणावा? गुरांच्या दवाखान्यातून. गायींना भरवायचं वळूचं बीज तिथं द्रव नायट्रोजनमध्ये ठेवत. तिथले डॉक्टर सरांना तांब्याभर देत. सर एक जाड भांडं लुनाच्या पुढ्यात ठेवून निघत आणि त्याच्या तोंडातून पांढरा धूर निघत राही. एकदा मी सोबत गेले होते. रांगेत गायी घेऊन शेतकरी उभे. सरांनाही लोकांनी रांगेत धरलेलं. एका म्हाताऱ्यानं सरांच्या मागंपुढं बघितलं आणि विचारलं, "सर, तुमनी गाय कोठे शे?"

"मन्ही गाय गच्चीवर शे, भाऊ," सर गंभीरपणे म्हणाले.

म्हाताऱ्यानं थोडा विचार केला. "चढनी कशी?"

तो नायट्रोजन फ्लास्कमधून बुडबुडवायचा, काचेचं बूच घट्ट बसवायचं आणि वरून वितळलेलं मेण ओतून तोंड बंद करायचं. हे मेणाचं काम उत्तमआबांचं. आबा आमचे लॅब अटेंडंट, सोनगीरचे, सरांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. शाळा चौथीपर्यंत, पण हात असा की मेणाचा एक ओघळ इकडचा तिकडं होत नसे. रोज सोनगीरहून एस.टी.नं येत आणि आल्या आल्या आधी लॅबच्या दारातल्या माठाला ओलं गोणपाट गुंडाळत. मग खिडकीतल्या तुळशीला. मग प्राचार्यांच्या स्कूटरच्या सीटला. उन्हाळ्यात ज्याला ऊन लागेल असं आबांना वाटे, त्याच्यावर गोणपाट पडे.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात सरांचं कडं जुळलं. फ्लास्कच्या तळाशी पांढरे बारीक कण, वासाचा पत्ता नाही. सरांनी नमुना पुण्याला त्यांच्या मार्गदर्शकांकडं पाठवला. तिथल्या यंत्रावर तपासून उत्तर आलं: कडं आहे, नवीन आहे, आजवर कुणी बनवलेलं नाही. सर त्या दिवशी वर्गात नेहमीसारखेच शिकवून आले. फक्त आबांना आणि मला त्यांनी कँटीनमध्ये नेऊन शेव-भाजी खाऊ घातली आणि तिखटानं की कशानं, स्वतःचे डोळे पुसले.

"पुन्हा करून दाखवा," मी चिडवलं.

"दाखवणार ना. पुढच्या उन्हाळ्यात."

पुढच्या उन्हाळ्यात ते झालं नाही. तोच पदार्थ, तेच फ्लास्क, तीच गच्ची, ऊन उलट जास्तच. पंधरा दिवसांनी फ्लास्क उघडला आणि गवताचा गोड वास साऱ्या लॅबभर पसरला. सरांनी दुसरा संच लावला. तोही तसाच. त्या उन्हाळ्यात आबा नव्हते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी दोन महिने उन्हात फिरायला बंदी केली होती. मेण सरांनी स्वतः लावलं. सरांना वाटलं, आपलंच मेण नीट बसलं नसेल. पण सकाळी बघावं तर पक्कं, संध्याकाळी बघावं तरी पक्कं.

पुण्याहून दोन ओळींचं पत्र आलं. प्रयोग पुन्हा करून दाखवा, नाहीतर ते प्रकरण प्रबंधातून मागे घ्या. ते प्रकरण काढलं तर प्रबंधात उरत काय होतं? आणि नोंदणीची मुदत एकोणनव्वदच्या जूनमध्ये संपत होती.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. आमच्या स्टाफरूममध्ये तेव्हा एक गृहस्थ होते, त्यांचं नाव घ्यायची मला इच्छा नाही. चहा पिताना म्हणाले, "बैसाण्यांचा नमुना पुण्यातल्या कुणाच्या तरी दिव्याखाली बनलेला असणार. आपल्या गच्चीवर कसलं डोंबल होतंय?" दोघं-तिघं हसले. मग तेच गृहस्थ आवाज जरा उतरवून म्हणाले, "त्यांच्यासाठी सगळीकडंच वेगळे नियम असतात. रसायनशास्त्रात पण असतील." सर बौद्ध होते, आणि ते कुणाविषयी आणि काय बोलत होते ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं. मी कपात चमचा फिरवत राहिले. मान वर केली तर सर दारात उभे. किती वेळचे उभे होते कोण जाणे. ते आत आले, खुंटीवरची आपली पिशवी घेतली आणि गेले. मी काही बोलले नाही. तिसेक वर्षं झाली या गोष्टीला, अजून आठवलं की माझी मला लाज वाटते. त्याहून वाईट हे, की त्या क्षणी मलाही खात्री नव्हती. सत्त्याऐंशीचा फ्लास्क मी माझ्या डोळ्यांनी उघडताना पाहिला होता, तरी.

दुसऱ्या दिवशी सर मला तेवढंच म्हणाले, "मॅडम, मी आयुष्यभर पोरांना पुन्हा करून दाखवा म्हणत आलो. आता लोक मला म्हणतात, त्यात राग कसला?" पण त्या वर्षभर त्यांनी वर्गात ते वाक्य उच्चारलं नाही. मुलांच्याही ते लक्षात आलं. नक्कल आपोआप बंद झाली.

एकोणनव्वदच्या एप्रिलमध्ये सरांनी ठरवलं की आता फ्लास्क नजरेआड होऊ द्यायचे नाहीत. आधीच्या दोन्ही उन्हाळ्यांत दुपारी त्यांना परीक्षांचं सुपरव्हिजन असे. अकराला जात, चारला परत गच्चीवर येत. या खेपेला त्यांनी सुपरव्हिजन माझ्या गळ्यात मारलं आणि स्वतः गच्चीवर खुर्ची टाकून बसले. डोक्यावर छत्री, मांडीवर ऊनवही. पंधरा दिवस. मी पेपर गोळा करून वर जायची तेव्हा त्यांचे डोळे लालबुंद असत आणि वहीत दर अर्ध्या तासाची नोंद. सोळाव्या दिवशी फ्लास्क उघडला. गवताचा वास.

खाली येऊन सरांनी हात धुतले, पुन्हा पदार्थ तोलला आणि नवा संच लावायला घेतला. आबा परत आले होते. ते मेण वितळवत होते, जाड चष्म्यातून, नेहमीपेक्षाही हळू. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं हे मला दिसत होतं, पण आबा असे की दहा वेळा विचारलं तर एकदा बोलणार.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी सुट्टी असूनही जळगावला गेले नव्हते. दुपारी बाराच्या सुमाराला मी ताकाची बाटली घेऊन वर गेले. गच्चीची फरशी अशी तापली होती की चपलेतून चटका लागत होता. सर छत्रीखाली बसलेले. छत्रीला उन्हानं एवढी भोकं पडली होती की तिचा उपयोग मनाच्या समाधानापुरताच. आणि माझ्या मागून आबा जिना चढून आले. त्यांच्या हातात ओलं गोणपाट होतं, पाणी ठिबकत होतं. ते सरळ सरांकडं गेले आणि त्यांनी ते सरांच्या डोक्यावर टाकलं. खांद्यापर्यंत. सर दचकून उठायला लागले तर आबांनी त्यांना खांदे धरून खाली बसवलं.

"सर, तुम्ही खाली जा. सावलीमा बठा. मी करी लेस पयलासारखं."

गोणपाटातून सरांचा आवाज आला, "पयलासारखं म्हणजे काय, आबा?"

आबांनी फ्लास्ककडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि मग तिथं गच्चीवरच उकिडवे बसले.

"दुपारले गोनपाट टाकस व्हतू ना मी. बाराले टाकी देस व्हतू, साडेतीनले काढी लेस व्हतू. त्या सालले."

सरांनी डोक्यावरचं गोणपाट काढलं नाही. तसेच बसून राहिले. चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं.

"बाटल्यासवर?"

"हा. माठले गुंडाळतस, केळना रोपले टाकतस. मंग या बाटल्यासनं काय पाप शे? इतला उनमा औषध नासी जाई, असं वाटनं माले." आबांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला. "तुमले सांगानी हिंमत नही व्हयनी. तुम्ही वहीमा ऊन लिखस व्हतात. मन्हामुये तुमना अभ्यास खोटा पडना, सर. मन्ही चूक व्हयनी."

मला आबांचा संताप आला, खोटं कशाला सांगू! त्या साली हा माणूस रोज साडेतीन तास सूर्य झाकत होता, आणि सर त्या वहीत इमानानं ऊन मोजत होते. मी तोंड उघडणार एवढ्यात सर उठले. ते शेवटच्या फ्लास्कपाशी गेले, वाकले, आणि आदल्या दिवशी आबांनीच लावलेल्या मेणावर त्यांनी अंगठा टेकवला. उचलला. मग मला खूण केली.

मेणावर अंगठ्याचा ठसा उमटला होता, रेघान् रेघ दिसत होती.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खानदेशातल्या मे महिन्याच्या भर दुपारी, तापलेल्या गच्चीवर, काचेच्या तोंडावरचं मेण मऊ पडत होतं. आतली वाफ त्यातून वाट काढी, ऊन उतरून निवताना बाहेरची हवा आत शिरे. संध्याकाळ होईपर्यंत मेण पुन्हा दगड. सकाळी बघा, पक्कं. संध्याकाळी बघा, पक्कं. आणि सर पंधरा दिवस शेजारी बसूनसुद्धा त्यांना ते कळलं नव्हतं, कारण हात लावू नये म्हणून ते हात लावत नव्हते. आबांच्या गोणपाटाखाली मात्र मेण घट्ट राहिलं होतं. कडं सकाळच्या आणि संध्याकाळच्या उन्हानं जुळलं होतं, आणि दुपारचं ऊन चुकवल्यामुळंच जुळलं होतं.

"आबा," सर म्हणाले, "खोटा नही पडना. तुम्ही व्हतात म्हनीसन तो व्हयना."

आबांना ते पटलं नाही. सर आपली समजूत घालत आहेत असंच त्यांना वाटत राहिलं. म्हणून सरांनी दोन संच लावले, शेजारी शेजारी. एकावर बाराला गोणपाट, एक उघडा. ऊनवहीत नवा रकाना पाडला आणि तो आबांनी भरायचा असं ठरलं. आबांचे 'बारा' आणि 'साडेतीन' हे दोन आकडे त्या वहीत अजून असतील, कुठं असेल ती. मोठे, थरथरते, रेघ सोडून वर गेलेले.

मेच्या अखेरीला आम्ही दोन्ही फ्लास्क उघडले. उघड्यातून गवताचा वास. झाकलेल्याच्या तळाशी पांढरे कण. पण वास जाणं हा काही पुरावा नव्हे. वितळणबिंदू बघायला हवा होता. सर म्हणाले, "तुम्ही बघा मॅडम. मी बाहेर थांबतो. सत्त्याऐंशीचा आकडा तुम्हाला माहीत नाही, हेच बरं आहे." आणि ते खरंच व्हरांड्यात जाऊन पाठमोरे उभे राहिले. मी बारीक नळीत कण भरले, ती थर्मामीटरला बांधली, तेल तापवायला ठेवलं. कण किती तरी वेळ नुसते पांढरे होते, मग ओलसर दिसले, आणि मग एकदम पारदर्शक झाले. मी आकडा कागदावर लिहून घडी घालून सरांना नेऊन दिला. त्यांनी जुनी वही उघडली. कागद उघडला. मग दोन्ही माझ्यापुढं धरले. आकडा तोच होता.

सर काही बोलण्याआधी मीच बोलले. "त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी बोलायला हवं होतं, सर."

त्यांनी वही मिटली. "हो," ते म्हणाले. "हवं होतं." आणि कागद माझ्या हातात देत, "आज आकडा तुम्हीच सगळ्यांना सांगा." मी स्टाफरूममध्ये गेले आणि सांगितला. त्या गृहस्थांना उद्देशून, नाव घेऊन. फार उशीर झाला होता, तरी सांगितला.

पुढचं भांडण वेगळंच झालं. सरांनी प्रबंधात कृती लिहिताना स्पष्ट लिहिलं: दुपारी बारा ते साडेतीन फ्लास्कवर ओलं गोणपाट टाकावं, ही पद्धत प्रयोगशाळेतले सहायक श्री. उत्तम सुका पाटील यांची. पुण्याच्या मार्गदर्शकांनी ते खोडून 'तापमान नियंत्रित ठेवलं' असं सुचवलं. सरांनी परत तेच लिहिलं. त्यांनी परत खोडलं. माणूस वाईट नव्हता; परीक्षक हसतील, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मीसुद्धा सरांना म्हटलं, "एवढ्या एका ओळीसाठी सगळं पणाला कशाला लावता?" सरांनी सरळ टायपिस्टकडं जाऊन ओळ परत घातली.

तोंडी परीक्षेला सरांनी आबांना पुण्याला नेलं. आबांनी नवी टोपी घेतली होती आणि ते शेवटच्या रांगेत माझ्याशेजारी, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ती ओळ मोठ्यानं वाचली, आणि 'गनी बॅग' म्हणताना त्यांना हसू आवरलं नाही. सगळी खोली हसली. आबांना इंग्रजी कळत नव्हतं. लोक हसले म्हणून तेही हसले.

सर हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "सर, ही ओळ काढली तर पुढच्या माणसाला हे जमणार नाही. मला दोन उन्हाळे जमलं नव्हतं."

परीक्षकांनी ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनातल्या मनात. मग विचारलं, "हे उत्तम पाटील आले आहेत का?" मी आबांना कोपरानं ढोसलं. आबा उभे राहिले आणि त्यांनी सगळ्या खोलीला नमस्कार केला.

सरांना पीएच.डी. मिळाली. पाठोपाठ एका नियतकालिकात दोन पानी लेख छापून आला, त्या ओळीसकट. त्यापुढं सरांनी फार काही संशोधन केलं नाही. वर्गात 'पुन्हा करून दाखवा' मात्र परत सुरू झालं. मी नंतर जळगावच्या कॉलेजात आले. आबा निवृत्त होऊन सोनगीरला गेले, आणि त्यांची दृष्टी हळूहळू गेली.

शहाण्णवच्या मे महिन्यात मी प्रॅक्टिकल परीक्षेची परीक्षक म्हणून धुळ्याला गेले होते. सरांनी ऊन कसं होतं ते विचारलं, लिहून घेतलं, आणि मग खिशातून एक पोस्टकार्ड काढलं. तमिळनाडूतल्या कुठल्याशा लहान गावच्या कॉलेजातून, एका बाईंनी लिहिलेलं. आमच्याकडं दिवा नाही, तुमचा लेख वाचून गच्चीवर केलं. गोणपाटाऐवजी ओला पंचा टाकला, बारा ते साडेतीन. तीनदा केलं. तीनही वेळा झालं.

"सकाळीच आलंय," सर म्हणाले. "दुपारच्या परीक्षेला दुसरे परीक्षक लावलेत. सोनगीरला येताय?"

आबांचं घर फाट्यापासून हाकेच्या अंतरावर, हमरस्त्याला लागूनच. आबा ओट्यावर बसलेले. सरांनी त्यांच्या शेजारी बसून कार्ड आधी इंग्रजीत वाचलं, मग अहिराणीत सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं,

"बाराले टाकं ना तिनी?"

"हा आबा. बाराले."

"आन साडेतीनले काढं?"

"साडेतीनले."

"मंग व्हई," आबा म्हणाले. "आखो एकदाव वाचा." सरांनी कार्ड पुन्हा वाचलं.

मला जळगावला परतायचं होतं. धुळ्याची गाडी आली तशी मी निघाले. सर म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, मी बसतो." मला खिडकीजवळची जागा मिळाली. ओट्यावरची सावली सरकली होती आणि ऊन आबांच्या तोंडावर आलं होतं. सरांनी घड्याळाकडं पाहिलं. कार्ड आबांच्या हातात दिलं, उठले, खांद्यावरचा टॉवेल दारातल्या बादलीत बुडवला, पिळला, आणि आबांच्या डोक्यावर खांद्यापर्यंत नीट पसरून टाकला. मग परत शेजारी बसले. त्या दिवसानंतर मला सर दिसले नाहीत. पुढच्याच वर्षी ते गेल्याचं कळलं. गाडी हलली तेव्हा मीही माझ्या घड्याळात पाहिलं. बरोबर बारा वाजले होते.